बीकॉमला व्यावसायिक संवाद शिकताना: पहिल्या मेलपासून ऑफर लेटरपर्यंत

बीकॉमला नुकताच प्रवेश घेतलेल्या, विशेषतः बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. ‘बिझनेस कम्युनिकेशन’ नावाचा पेपर तुमच्या वाट्याला पहिल्या नाहीतर दुसऱ्या वर्षी येणारच. बहुतेक जण तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाइडमधून पाठ करतात आणि सुटतात. मग तिसऱ्या वर्षी इंटर्नशिपसाठी पहिला मेल लिहायची वेळ येते, तेव्हा विषयाच्या चौकटीत काय टाकायचं इथेच गाडी अडते.

मीही सोलापूर जिल्ह्यातल्या मराठी शाळेतूनच बीकॉमला आले. आता चाकणला एका कंपनीत खरेदी विभागात आहे. कोटेशन मागवायची, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) पाठवायचा, माल उशिरा आला तर पुरवठादाराच्या मागे लागायचं, कमी आला तर तक्रार करायची, हे माझं रोजचं काम. आमच्या विभागात इंटर्नशिपसाठी येणारे अर्जही माझ्याच टेबलावर येतात. या पेपरात जे शिकवतात त्यातलं जवळजवळ सगळं मी रोज वापरते, म्हणून तो पाठांतरावर काढून टाकू नका असं कळकळीने सांगावंसं वाटतं. हा विषय येतो तो खऱ्या माणसाला खरं पत्र लिहून, आणि कॉलेजात असताना तशा संधी भरपूर असतात. त्या कुठे आणि कशा शोधायच्या ते क्रमाने सांगते.

१. आधी अभ्यासक्रम हातात घ्या

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुमच्याच वर्षाचा आणि तुमच्याच पॅटर्नचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. मुंबई विद्यापीठात हा विषय बरीच वर्षं एफवायबीकॉमच्या दोन्ही सत्रांत होता, पुण्यात तो एसवायबीकॉमला असायचा. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली. त्यामुळे पेपरचं नाव, श्रेयांक (क्रेडिट) आणि सत्र यांत बदल झालेला असू शकतो. वरच्या वर्गातल्या ताईदादांच्या नोट्स जरूर घ्या, पण त्या आपल्या पॅटर्नच्या आहेत का हे आधी ताडून बघा. जुन्या पॅटर्नच्या गाइडवर अभ्यास करून पेपरला बसणारे दरवर्षी निघतात.

आता ती यादी नीट वाचा. मुंबईच्या जुन्या अभ्यासक्रमात काय काय होतं बघा: नोकरीचा अर्ज, रिझ्युमे, राजीनामा, चौकशीपत्र, तक्रारपत्र, ग्राहक म्हणून तक्रार, माहिती अधिकाराखालचा अर्ज, सभा, मुलाखत, सादरीकरण, अहवाल. यातलं बहुतेक सगळं तुम्हाला येत्या पाच वर्षांत स्वतःसाठी लागणार आहे. एका कागदावर प्रत्येक घटकासमोर लिहा: हे मी खरोखर कोणाला लिहू शकते? चौकशीपत्र टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या क्लासला. इतिवृत्त आपल्या सोसायटीचं किंवा एनएसएसच्या बैठकीचं. तक्रारपत्र घरच्या बिघडलेल्या मिक्सरबद्दल. हा कागद म्हणजेच तुमचा खरा अभ्यासक्रम.

२. जवळ काय काय हवं

- स्वतःच्या नावाचा साधा ईमेल आयडी. नाव आणि आडनाव, लागलाच तर एखादा आकडा. शाळेत असताना हौसेने काढलेला आयडी मित्रांसाठी राहू द्या.
- मोबाइलवर आणि संगणकावर युनिकोड मराठी कीबोर्ड. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर समोरच्याकडे तो फाँट नसेल तर नुसती अक्षरांची रांगोळी दिसतो.
- दहावी, बारावी आणि प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन आणि बँक पासबुकचं पहिलं पान यांचे सरळ, स्वच्छ स्कॅन. प्रत्येकाची वेगळी पीडीएफ करा. डिजिलॉकरमध्ये जे मिळतं ते तिथूनच घ्या.
- एक फोल्डर, ज्यात तुम्ही पाठवलेलं प्रत्येक पत्र तारखेसह राहील.
- एक शब्दकोश. शासनाच्या भाषा संचालनालयाचा वाणिज्यशास्त्र परिभाषा कोश इंटरनेटवर पाहता येतो. मराठीत ‘ताळेबंद’ शिकलेल्यांना वर्गात ‘बॅलन्स शीट’ ऐकताना सुरुवातीला त्याची फार मदत होते.

नावाबद्दल इथेच सांगून ठेवते, कारण हा घोळ पुढे फार छळतो. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग आपलं आणि वडिलांचं नाव. आधारवर बहुधा आपलं नाव आधी. पॅनवर कुणाचं मधलं नाव पूर्ण, कुणाचं नुसतं अक्षर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा जास्तीचा ‘ए’ असतो तो वेगळाच. नोकरीला लागताना ही सगळी कागदपत्रं एकमेकांशी जुळवून पाहतात. पहिल्याच वर्षी सगळी समोर मांडून बघा आणि फरक असेल तर दुरुस्तीच्या मागे लागा. तिसऱ्या वर्षी त्यासाठी वेळ उरत नाही.

३. मेल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

वर्गात पत्राचा आराखडा शिकवतात, कार्यालयात मात्र नव्वद टक्के काम मेलवर चालतं असं समजा. आमच्याकडे येणारे अर्ज बहुधा असे असतात: विषयाची चौकट रिकामी, नाहीतर तिथे नुसतं ‘रिझ्युमे’. आत ‘रिस्पेक्टेड सर’ (मी बाई असले तरी), मग ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ अशी सुरुवात, मग कंपनीची स्तुती, आणि शेवटी ‘प्लीज डू द नीडफुल’. नेमकं काय करायचं? इंटर्नशिप द्यायची? कोणत्या महिन्यात? कोणत्या कामाची? मेल पुरता वाचूनही कळत नाही. दिवसाला शंभर मेल येत असतील तर असा मेल मागे पडतो. त्यात वाचणाऱ्याचा राग नसतो, त्याला पुढे काय करायचं तेच समजलेलं नसतं.

आता हा बघा:

विषय: मे-जूनमध्ये लेखा विभागात इंटर्नशिपबाबत – एसवायबीकॉम, बार्शी

महोदया,
मी बार्शीला एसवायबीकॉमला शिकते. १ मे ते ३० जून या काळात आपल्या लेखा विभागात इंटर्नशिप मिळावी अशी विनंती आहे.
टॅलीमध्ये व्हाउचर नोंदी आणि बँक ताळमेळ मला येतो. खरेदीची बिलं आणि जीएसटी विवरणपत्र यांचा मेळ कसा घालतात ते शिकायचं आहे.
रिझ्युमे (एक पान) आणि तिसऱ्या सत्राची गुणपत्रिका सोबत जोडली आहे. फोनवर बोलायचं असल्यास मी रोज दुपारी दोननंतर उपलब्ध असते.
(पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)

वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही. विषयाच्या ओळीत मागणी, काळ आणि माणूस, तिन्ही आहेत. सहा आठवड्यांनी मला हा मेल शोधायचा असेल तर ‘इंटर्नशिप’ किंवा ‘बार्शी’ टाकलं की सापडतो. दुसऱ्याच वाक्यात मागणी आहे आणि तिला तारखा आहेत. पुढच्या परिच्छेदात जे येतं ते आणि जे शिकायचं ते वेगवेगळं सांगितलंय, म्हणून विश्वास बसतो. ‘मेहनती, प्रामाणिक आणि टीम प्लेअर’ हे शब्द कुठेच नाहीत. ते सगळेच लिहितात, त्यामुळे त्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

खाजगी कंपनीला हाच मेल बहुधा इंग्रजीत जाईल. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तिथे घाबरू नये. आधी मराठीत चार मुद्दे लिहून काढा: मी कोण, मला काय हवं, मला काय येतं, पुढे काय. मग प्रत्येकाचं छोटं, सरळ इंग्रजी वाक्य करा. पंधरा शब्दांच्या वर वाक्य गेलं की तोडा. व्यवसायातलं इंग्रजी असंच साधं असतं. मी ज्या पुरवठादारांशी रोज लिहून बोलते त्यांत कोइमतूरचे आहेत, राजकोटचे आहेत, लुधियान्याचे आहेत. इंग्रजी ही आमच्यापैकी कुणाचीच घरची भाषा नाही. सगळे छोट्या वाक्यांत लिहितात आणि कोट्यवधींचे व्यवहार बिनबोभाट होतात.

आता खाचखळगे.

जोडपत्र आधी जोडा, मजकूर नंतर लिहा, आणि ‘टू’मधला पत्ता सगळ्यात शेवटी टाका. म्हणजे अर्धवट मेल चुकून जाणार नाही. फाइलचं नाव ‘डॉक्युमेंट१ फायनल न्यू’ नको. तुमचं नाव आणि ‘रिझ्युमे’ एवढं पुरे. एकच मेल वीस कंपन्यांना एकदम पाठवायचा आणि वीसही पत्ते ‘टू’मध्ये ठेवायचे, हे करू नका. प्रत्येकाला दिसतं की आपण विसांपैकी एक आहोत. ‘सीसी’मध्ये त्यालाच ठेवा ज्याला माहिती असायला हवी. आपल्याला सीसीत ठेवलेल्या मेलवर ‘रिप्लाय ऑल’ दाबण्याआधी क्षणभर थांबा.

एआयकडून मेल लिहून घेणार असाल तर दोन गोष्टी पाळा. त्याने कंसात सोडलेली ‘युवर नेम’, ‘कंपनी नेम’ अशी रिकामी ठिकाणं तशीच ठेवून आलेले अर्ज मी नियमित बघते. पाठवण्याआधी मोठ्याने वाचलं तर ते लक्षात येतं. आणि मुलाखतीत बोलताना जे शब्द तुमच्या तोंडून येणार नाहीत ते मेलमध्ये ठेवू नका. समोरासमोर बसल्यावर फरक लगेच उघडा पडतो. आधी स्वतः लिहा, मग चुका दाखवायला त्याची मदत घ्या. शिकायला तोच मार्ग बरा.

उत्तर आलं नाही तर पाच-सहा कामाच्या दिवसांनी त्याच मेलच्या खाली एका वाक्याची आठवण करा. नवा मेल सुरू करू नका, मागचा संदर्भ तुटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला संपर्क टाळा. समोरच्यानेच तिथे बोलायला सुरुवात केली तर हरकत नाही, पण तारखा, रक्कम, होकार-नकार हे सगळं मेलवर पुन्हा लिहून घ्या.

४. पत्रं: सराव सरकारदरबारी करा

पत्राचा आराखडा एका तासात येतो. इंग्रजीत सगळं डाव्या कडेला लावायची पद्धत आता सर्रास चालते. मराठी शासकीय पत्रात प्रति, विषय, संदर्भ, महोदय आणि खाली सही हा क्रम असतो. संस्थेचं पत्र असेल तर वर जावक क्रमांक आणि दिनांक. कठीण भाग मजकुराचा आहे, आणि त्याच्या सरावाला माहिती अधिकाराच्या अर्जाइतकं चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही.

२००५च्या या कायद्याने कोणताही नागरिक सार्वजनिक प्राधिकरणाकडून माहिती मागू शकतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप लावून भरता येतं, आणि उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत द्यावं लागतं. महाराष्ट्रात अर्जाचा नमुना ‘जोडपत्र अ’ म्हणून ठरवून दिलेला आहे. ऑनलाइनही करता येतो. इथली खरी शिकवण नियमातच आहे: २०१२मध्ये राज्याच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. एवढ्या जागेत नेमकं लिहायचं म्हणजे फापटपसारा आपोआप गळतो.

विषय तुमच्या उपयोगाचा निवडा. समजा शिष्यवृत्ती रखडली आहे. ‘आम्हाला शिष्यवृत्ती का मिळत नाही?’ असं विचारलंत तर हाती काही लागणार नाही, कारण हा कायदा नोंदीतली माहिती देतो, कारणमीमांसा करून देत नाही. त्याऐवजी विचारा: अमुक वर्षात आमच्या महाविद्यालयाकडून आलेल्या अर्जांची संख्या, माझा अर्ज पुढे पाठवल्याची तारीख, तो सध्या ज्याच्याकडे प्रलंबित आहे त्याचं पदनाम, आणि त्रुटी काढली असल्यास त्या पत्राची प्रत. चार प्रश्न, चारही नोंदीत सापडणारे. पुढे नोकरीत कोटेशन मागवताना हीच सवय कामाला येते. ‘तुमचे दर कळवा’ लिहिलं तर भलतंच कोटेशन येतं; माप, नग, पोहोच कुठे, जीएसटी धरून की वेगळा, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिलं तर एकाच मेलमध्ये काम होतं.

तक्रारपत्राचंही तसंच. घरात एखादी वस्तू वॉरंटीत बिघडलेली असेल तर पत्र तुम्ही लिहा, वडिलांना फक्त सही करू द्या. ‘आपली सेवा अत्यंत निकृष्ट असून आम्हाला प्रचंड मनस्ताप झाला’ हे वाक्य समोरचा वाचून पुढे सरकतो. त्याला हवा असतो बिलाचा क्रमांक. माझ्या कामातला एक नमुना देते: ‘आपल्या १२ तारखेच्या चलानाप्रमाणे ५०० नग यायला हवे होते. ४६० आले. मोजणीची पावती सोबत आहे. उरलेले ४० नग शुक्रवारपर्यंत पाठवावेत किंवा तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट द्यावी.’ राग मनात कितीही असो, कागदावर काय ठरलं होतं, काय घडलं, पुरावा काय आणि मला काय हवं एवढंच येतं. पर्याय दोन दिले की समोरचा नाही म्हणायच्या ऐवजी दोघांतला एक निवडतो.

पत्राने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ (तो २० जुलै २०२० पासून लागू झाला) प्रमाणे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. म्हणजे तुमचं पहिलं पत्र आणि त्याची पोच जपून ठेवणं किती गरजेचं आहे ते लक्षात घ्या. पुढे आयोगासमोर तोच कागद लागतो.

५. रिझ्युमे

एक पान. जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, धर्म, वैवाहिक स्थिती, ‘वरील माहिती सत्य आहे’ असं प्रतिज्ञापत्र, यातलं काही खाजगी नोकरीला लागत नाही. छंदात ‘गाणी ऐकणे’ लिहून जागा घालवू नका. ‘काही अनुभवच नाही, मग लिहू काय?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. गणपती मंडळाचा जमाखर्च सांभाळलात? वर्गणी किती जमली, पावत्या किती फाडल्या, हिशेब कुणासमोर मांडला, ते लिहा. काकांच्या किराणा दुकानात सुट्टीत बसलात? उधारीची वही कशी ठेवली ते लिहा. आकडे असलेलं एक वाक्य विशेषणांच्या ओळीपेक्षा कितीतरी भारी पडतं. दर सत्रानंतर त्यात एक ओळ वाढली पाहिजे. वाढली नाही तर पुढच्या सत्रात काहीतरी हाती घ्या.

६. बोलणं

आपल्याकडे शाळेपासून वक्तृत्व स्पर्धांची परंपरा आहे आणि त्यातून आलेल्यांना व्यासपीठाची भीती नसते, ही मोठी पुंजी आहे. पण सादरीकरणात ती तशीच्या तशी चालत नाही. स्पर्धेत आपण आवाज चढवत शेवटाकडे नेतो, मुख्य गोष्ट राखून ठेवतो. कंपनीतल्या बैठकीत मुख्य गोष्ट पहिल्या मिनिटात हवी असते: ‘या तीन पुरवठादारांपैकी दुसऱ्याकडून घ्यावं असं मी सुचवते. कारण दोन.’ मग आकडे. स्लाइड वाचून दाखवू नका. स्लाइडवर तक्ता ठेवा आणि त्यातला कोणता आकडा बघायचा ते तोंडाने सांगा.

सराव असा करा. मोबाइलवर दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. ‘म्हणजे’, ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘बेसिकली’ किती वेळा येतं ते मोजा. इंग्रजीत ओळख करून देताना ‘मायसेल्फ अमुक’ अशी सुरुवात आपल्याकडे फार रुळली आहे. ‘आय अ‍ॅम’ म्हणायची सवय लावा.

गटचर्चेत सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने बोलणारा निवडला जातो हा गैरसमज आहे. जो दुसऱ्याचा मुद्दा नीट मांडून पुढे नेतो, गप्प बसलेल्याला बोलतं करतो आणि वेळ संपत आली की चर्चा कुठवर आली ते सांगतो, तो निवड करणाऱ्यांच्या लक्षात राहतो. वर्गातले पाच-सहा जण जमवून आठवड्यातून एकदा अशी चर्चा करा. विषय वर्तमानपत्रातल्या अर्थविषयक पानावरून घ्या.

मुलाखतीत एखादी गोष्ट येत नसेल तर ‘हे मी अजून केलेलं नाही’ एवढं स्पष्ट म्हणा. गोल गोल बोललं की पुढचे तीन प्रश्न तिथेच येतात.

७. सभा: नोटीस, विषयपत्रिका, इतिवृत्त

पुस्तकात हा भाग कोरडा वाटतो, पण प्रत्यक्षात तुमच्या घराशेजारीच घडत असतो. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. सोसायटीच्या सचिवांना जाऊन सांगा की इतिवृत्ताचा कच्चा मसुदा मी लिहून देते. बहुतेक सचिव आनंदाने हो म्हणतील. कंपनीत हेच अधिक कडक आहे: कंपनी कायदा २०१३ प्रमाणे सर्वसाधारण सभेला पूर्ण २१ दिवसांची नोटीस, संचालक मंडळाच्या सभेला किमान ७ दिवसांची, आणि इतिवृत्त सभेनंतर ३० दिवसांच्या आत नोंदवहीत.

इतिवृत्तात कोण काय म्हणालं याची कथा नको. ‘पाण्याच्या टाकीवर सविस्तर चर्चा झाली’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘टाकीच्या दुरुस्तीसाठी तीन कोटेशनं मागवायचं ठरलं, जबाबदारी खजिनदारांची, पुढच्या मासिक सभेत मांडायची’ हे इतिवृत्त. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. आमच्या कंपनीतही बैठकीनंतर तासाभरात अशा चार ओळींचा मेल फिरवणारा नवखा मुलगा वरिष्ठांच्या नजरेत पटकन भरतो.

८. परीक्षा

सिद्धांताचा भाग थोडाच आहे, तो समजून घेतला की पाठांतर कमी लागतं. संवादाची जी आकृती पुस्तकात असते ती क्लॉड शॅनन यांच्या १९४८च्या लेखातून आली. ते टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते, म्हणून त्यात प्रेषक, वाहिनी, व्यत्यय असे तारयंत्राचे शब्द आहेत. प्रतिसादाची उलटी वाट मूळ आकृतीत नव्हती, ती नंतरच्यांनी जोडली. हे एवढं माहीत असलं तरी उत्तर चारचौघांपेक्षा वेगळं होतं.

एका गोष्टीपासून मात्र जपा. ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि हावभावांचा ५५’ हे वाक्य अनेक गाइडांत आणि प्रशिक्षण वर्गांत ठोकून सांगतात. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतले आहेत, आणि ते प्रयोग एवढ्यापुरते होते की बोलणाऱ्याचा शब्द आणि सूर किंवा चेहरा जुळत नसतील तर त्याच्या भावनेबद्दल ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो. सगळ्या संवादाला ते लागू नाहीत, हे स्वतः मेहराबियन यांनीही स्पष्ट केलेलं आहे. पीओमधल्या आकड्याचं महत्त्व ७ टक्के कसं असेल? उत्तरपत्रिकेत आकडे लिहायचेच असतील तर ही मर्यादाही लिहा.

पत्राच्या प्रश्नाला आराखड्याचे गुण हातचे असतात, ते सोडू नका. वेगळा सराव हवा असेल तर स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे या विषयावरचे अभ्यासक्रम ऐकायला विनाशुल्क आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढं शुल्क पडतं. श्रेयांक म्हणून मोजले जातील का, हे नाव नोंदवण्याआधी महाविद्यालयात विचारा.

९. ऑफर लेटर हातात आल्यावर

घरी पेढे वाटण्याआधी पत्र पूर्ण वाचा. पदनाम आणि कामाचं ठिकाण मुलाखतीत सांगितलं तेच आहे का? सीटीसी (तुमच्यावर होणारा कंपनीचा एकूण वार्षिक खर्च) म्हणून दिलेल्या रकमेत कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा बहुधा धरलेला असतो; दरमहा हातात किती येतील हे मेलवर विचारायला संकोच करू नका. परिवीक्षा काळ (प्रोबेशन) किती, नोकरी सोडताना नोटीस किती दिवसांची, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, हे शोधा. मूळ गुणपत्रिका जमा करून ठेवायला सांगत असतील तर देऊ नका. पडताळणीपुरत्या दाखवा आणि परत घ्या. नोकरीसाठी अनामत किंवा ‘प्रशिक्षण शुल्क’ मागितलं तर तिथेच थांबा, ती बहुतेक वेळा फसवणूक असते.

सगळं ठीक असेल तर स्वीकृतीचा मेल त्याच दिवशी पाठवा: पदनाम, रुजू होण्याची तारीख आणि ‘पत्रातल्या अटी मान्य आहेत’ एवढी तीन वाक्यं पुरेत. एखादी अट बदलून हवी असेल तर ती स्वीकृतीच्या आधी विचारा, नंतर विचारायला जागा उरत नाही. दुसरी नोकरी स्वीकारली असेल तर पहिल्या कंपनीला नकाराचे दोन शब्द नक्की लिहा. तुमची जागा त्यांनी अडवून ठेवलेली असते, आणि यादीत तुमच्यानंतरचं नाव कदाचित तुमच्याच वर्गातल्या कुणाचं असतं.